काडीमोड, पाट आणि करवीरचे गॅझेट

1919 च्या पावसाळ्यात कोल्हापूर दरबाराने तीन आठवड्यांत गोरगरिबांच्या संसारालाच हात घातला. 12 जुलैला आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा झाला. 2 ऑगस्टला बायकोचा छळ करणाऱ्याला शिक्षा सांगणारा कायदा आला, आणि त्याच्या जोडीने काडीमोडीचा. विधवांच्या पुनर्विवाहाची नोंद करण्याचा कायदा दोन वर्षे आधी, 1917 मध्येच होऊन गेला होता. पुढे 1920 च्या सुरुवातीला जोगतिणी आणि अनौरस संततीच्या वारसाहक्काचा कायदा झाला. आठ लाखांच्या आसपास वस्तीचे हे संस्थान. त्याने चार वर्षांच्या आत विवाह, पुनर्विवाह, छळ, फारकत आणि वारसा या सगळ्यांना कायद्याच्या चौकटीत आणले. ब्रिटिश हिंदुस्थानात यातल्या काही गोष्टी व्हायला आणखी तीस-पस्तीस वर्षे लागली, काहींना त्याहून जास्त.

हे कायदे करणाऱ्या शाहू महाराजांचे नाव निघाले की 1902 चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, सक्तीचे मोफत शिक्षण आणि माणगावची परिषद हमखास आठवते. विवाहाचे कायदे मात्र यादीच्या तळाशी, एका ओळीत उरकले जातात. ते समजून घ्यायचे तर आधी त्या काळी गावात लग्न लागत कसे आणि मोडत कसे, हे पाहायला हवे.

पांढरपेशा जातींत विधवेचे लग्न नव्हतेच. घटस्फोटही नव्हता. कुणबी, धनगर, कुंभार, महार, मांग यांच्यात मात्र दोन्ही होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या होते. विधवेने किंवा सोडलेल्या बाईने दुसरे घर केले की त्याला पाट लावणे म्हणत, कुठे मोहतूर. पाट लागायचा तो रात्री. मांडव नाही, वाजंत्री नाही, अक्षता टाकायला गाव नाही. सवाष्णी त्या जागी फिरकत नसत. चार म्हाताऱ्या विधवा आणि दोन-चार पुरुष जमत, बाईला नवे लुगडे दिले जाई, पदराची गाठ बांधली जाई आणि जोडपे अंधारातच घरात जाई. उजाडेपर्यंत त्यांचे तोंड कुणी पाहू नये असा संकेत होता. त्या बाईला मुले झाली की ती औरसच धरली जात. पण लग्नाची बायको आणि पाटाची बायको यांच्यातला फरक तिला मरेपर्यंत चुकत नसे. पंगतीत, हळदीकुंकवात, सुनेच्या बोलण्यात तो निघेच.

मोडण्याची रीतही ठरलेली. संसार जमत नाही, नवरा नांदवत नाही किंवा बाईच राहायला तयार नाही, की प्रकरण जातीच्या पंचांपुढे जाई. पंच दोन्हीकडचे ऐकून घेत. मग त्यांच्या समोर गवताची काडी मोडायची. लिहिता येणारा कुणी असला तर सोडचिठ्ठीही व्हायची. पंचांची फी द्यावी लागे, कधी जातीला जेवण घालावे लागे. बाईला नवे घर करायचे असेल तर पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च नव्या नवऱ्याने भरून द्यावा, अशीही चाल बऱ्याच जातींत होती.

पंच म्हणजे खलनायक असे मात्र समजू नये. तो हाकेच्या अंतरावर होता, त्याला वकील लागत नव्हता, निकाल एका रात्रीत होई. ज्या काळी शास्त्रीबुवांच्या घरातली दहा वर्षांची विधवा जन्मभर केशवपन करून बसे, त्या काळी धनगराच्या विधवेला दुसरा संसार मिळत होता. अडचण होती ती पंचांच्या मर्जीची. पैसेवाला नवरा पंचांना धरून बसला की बाई लटकली, आणि पंचांनी वाळीत टाकले की घरावर पाणी भरायचीही चोरी.

इंग्रजांच्या न्यायालयांनी या गोंधळात भरच टाकली. 1876 च्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाने सांगून टाकले की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीला अधिकार नाही. पंचांनी हो म्हटले म्हणून आम्ही प्रामाणिकपणे पाट लावला, हा बचावही चालणार नाही. म्हणजे पंचांनी जिला मोकळी केली, तिच्यावर कोर्टात नवरा हयात असताना दुसरे लग्न केल्याचा गुन्हा. दंडविधानात त्याला सात वर्षांपर्यंत कैद. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचेही तसेच. तो केला होता उच्चवर्णीय विधवांसाठी, पण पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जातो असे त्यात कलम होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई हायकोर्टाने ते कलम, ज्यांच्यात पाटाची चाल आधीपासूनच होती, त्या जातींच्या विधवांनाही लावले. सुधारणेचा कायदा ज्यांना नको होता त्यांच्याच अंगावर आला. आणि नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना 1887 मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या मुंबईतल्या शिकल्या-सवरल्या घरातल्या होत्या, म्हणून त्यांचे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. गडहिंग्लजच्या बाजाराला भाकरीचे गाठोडे घेऊन चालत जाणारीचे गाजले नसते.

हायकोर्टाचे हे निकाल कोल्हापूर संस्थानावर बंधनकारक नव्हते, आणि तिथेच शाहूंना मोकळी जागा मिळाली. 2 एप्रिल 1894 रोजी, विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. पाठोपाठ दुष्काळ आला, मग प्लेग. 1899 मध्ये पंचगंगेवरच्या कार्तिकस्नानाच्या वेळी वेदोक्त प्रकरण उद्भवले. राजाला कोणत्या मंत्रांनी स्नान घालायचे या वादातून एक गोष्ट उघडी पडली: जन्म, मुंज, लग्न आणि मर्तिक हे चारही दरवाजे पुरोहिताच्या हातात आहेत, आणि गादीवर बसलेल्यालाही तो ते बंद करू शकतो. राजाची ही गत, तर कुणब्याचे काय?

पुरोहिताला वगळून लग्न लावायची वाट पुण्यात जोतीराव फुल्यांनी आधीच पाडली होती. 25 डिसेंबर 1873 रोजी सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले. त्याचा खर्च आणि खटपट सावित्रीबाईंनी केली होती. कोल्हापुरात सत्यशोधक समाज 1911 मध्ये स्थापन झाला आणि त्यामागे दरबार उभा राहिला. भास्करराव जाधवांसारखा दरबारचा अधिकारी त्याचा आधारस्तंभ होता. त्यांनी घरच्या घरी विधी करता यावेत म्हणून ‘घरचा पुरोहित’ हे पुस्तकच लिहिले. मग ब्राह्मणेतर मुलांना विधी शिकवणारी शाळा निघाली, पुढे वैदिक विद्यालय निघाले, आणि 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरूंची गादी निर्माण झाली. विवाहशिक्षण म्हणावे असे काही सरकारी आश्रयाने कोल्हापुरात झाले असेल तर ते हे. मात्र ते नवरा-बायकोला दिलेले नव्हते. लग्न लावणाऱ्याला दिलेले होते.

हे थोडे ताणून म्हटल्यासारखे वाटेल, पण शेजारी अमेरिकेचे उदाहरण ठेवले की त्यातला मुद्दा कळतो. तिथे 2006 पासून केंद्र सरकारने दरवर्षी 15 कोटी डॉलर बाजूला काढले, ते प्रामुख्याने गरीब जोडप्यांना संसार टिकवायला शिकवण्यासाठी आणि वडिलांना जबाबदारी शिकवण्यासाठी. भांडावे कसे, ऐकून घ्यावे कसे, याचे वर्ग. नुकतेच मूल झालेल्या किंवा होऊ घातलेल्या अविवाहित जोडप्यांसाठीचे असे वर्ग आठ ठिकाणी तपासून पाहिले गेले. 2010 च्या अहवालात एकूण हिशेब जवळपास शून्याचा निघाला: ओक्लाहोमात थोडा फायदा, बाल्टिमोरमध्ये उलटाच परिणाम. गरिबाला संसार कळत नाही, तो शिकवला पाहिजे, हे त्या योजनेमागचे गृहीत. कोल्हापूर दरबाराचे गृहीत वेगळे होते. गरिबाला संसार करता येतो, मोडताही येतो आणि पुन्हा मांडताही येतो. फक्त त्याच्या त्या व्यवहाराला कागदावर किंमत नाही.

1917 चा पुनर्विवाह कायदा या अर्थाने फार साधा होता. विधवेचे लग्न कायदेशीर, आणि त्याची सरकारदरबारी नोंद. रात्री अंधारात लागलेला पाट सकाळी दप्तरात चढणार, एवढेच. पण ज्या बाईचे दुसरे लग्न सिद्ध करायला साक्षीदार म्हणून दोन म्हाताऱ्या विधवांपलीकडे कुणी नसे, तिच्या मुलाच्या दृष्टीने ती नोंद म्हणजे जमिनीचा हक्क. त्याच वर्षी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि 30 सप्टेंबरला करवीर पेट्यातल्या चिखलीपासून त्याचा आरंभ झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. दोन्ही कायद्यांची जात एकच: गावातल्या माणसाचे नाव सरकारी वहीत आणायचे. 1918 मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले गेले, म्हणजे ती वही लिहिणारा हातही बदलला.

आंतरजातीय विवाहाचा कायदा मात्र निव्वळ कोल्हापुरात उगवला नाही. सप्टेंबर 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी केंद्रीय कायदेमंडळात हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना वैधता देणारे विधेयक मांडले. त्यावर देशभर गदारोळ झाला. तोवर जातीबाहेर लग्न करायचे तर 1872 च्या कायद्याचा एकच रस्ता होता, आणि त्यात आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांपैकी कुठलाच धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. हिंदू राहून जात ओलांडायची सोयच नव्हती. शाहूंनी पटेलांच्या विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला. ते विधेयक बारगळले. कोल्हापुरात कायदा झाला.

कायदा केला आणि स्वस्थ बसले, असे नाही. मराठा आणि धनगर या दोन जातींत लग्ने जुळवायची योजना शाहूंनी इंदूरच्या होळकरांच्या साथीने आखली. शंभर विवाहांचा बेत होता आणि पंचवीसएक झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कागलकर घाटग्यांच्या, म्हणजे स्वतःच्या जन्मघराण्यातल्या बहिणीचे स्थळ त्यांनी होळकरांच्या युवराजांना दिले. ते लग्न 1924 मध्ये लागले तेव्हा शाहू हयात नव्हते. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले होते. मराठा सरदार घराण्यातली मुलगी धनगर घराण्यात, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. इंदूरसारखे वैभव समोर असल्यामुळे काहींची नाके कमी मुरडली असतील, पण मुरडली जरूर.

2 ऑगस्ट 1919 च्या कायद्याकडे मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते. बायकोला क्रूरपणे वागवणे हा त्याने शिक्षेस पात्र गुन्हा ठरवला. कैद आणि दंड दोन्ही. मारहाणीला दंडविधानात आधीही कलमे होती. पण नवऱ्याने आपल्या घरात केलेला छळ हा स्वतंत्र गुन्हा आहे, ही कल्पना भारतीय दंडविधानात शिरली ती 1983 मध्ये, 498 अ या कलमाने. मधे चौसष्ट वर्षे गेली. काडीमोडीच्या कायद्याने फारकत पंचांच्या मर्जीवरून उचलून सरकारी चौकटीत आणली. हे दोन कायदे एकत्र वाचले तरच त्यांचा अर्थ लागतो: छळाला शिक्षा आहे आणि बाहेर पडायलाही वाट आहे. नुसती शिक्षा असती तर नवऱ्याला तुरुंगात धाडून बाईने परत त्याच घरी वाट पाहायची. नुसती फारकत असती तर मारून मारून सोडचिठ्ठीवर अंगठा उठवणे सोपे झाले असते.

हा पहिलाच प्रयत्न होता असेही नाही. बडोद्याला सयाजीरावांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच पुनर्विवाहाचा कायदा केला होता, 1904 मध्ये बालविवाहाला प्रतिबंध घातला होता. शाहूंची सासुरवाडी बडोद्याचीच. लक्ष्मीबाई राणीसाहेब तिथल्या खानविलकरांच्या. दोन्ही संस्थानांत माणसांची आणि कल्पनांची ये-जा होती. पण बडोद्यात घटस्फोटाचा कायदा झाला तो 1931 मध्ये. त्या बाबतीत कोल्हापूर बारा वर्षे पुढे होते.

आता वाड्याकडे वळू, कारण कायद्याचा पल्ला कुठे संपला ते तिथे दिसते. जून 1917 मध्ये शाहूंच्या धाकट्या राजपुत्राचे, शिवाजी महाराजांचे, सासवडच्या जगताप घराण्यातल्या मुलीशी लग्न झाले. सासरी तिचे नाव इंदुमतीदेवी. वर्ष उलटले न उलटले तोच, 12 जून 1918 रोजी, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून राजपुत्र गेले. इंदुमतीदेवींना तेव्हा बारावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. पुनर्विवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झाले होते. शाहूंनी सुनेला सोनतळीच्या मुक्कामी नेले, वेगवेगळ्या जातींच्या चार मुली सोबतीला दिल्या आणि शिक्षण सुरू केले. राजघराण्यातली विधवा शिकते म्हणून खुद्द घरातूनच विरोध झाला. तो त्यांनी मानला नाही. पण तिचे दुसरे लग्न झाले नाही. इंदुमतीदेवींनी पुढचे सगळे आयुष्य मुलींच्या शिक्षणासाठी घालवले. कोल्हापुरातली मुलींची शाळा आजही त्यांच्या नावाने आहे. 1971 मध्ये त्या गेल्या.

याला दांभिकपणा म्हणण्याची घाई करू नये. बारा वर्षांच्या पोरीला पाटी-पेन्सिल देण्यासाठी जो माणूस स्वतःच्या राणीशी वाद घालतो, त्याला दांभिक कसे म्हणणार? पण ही मर्यादा झाकूनही ठेवू नये. कुणब्याच्या विधवेला जे कायद्याने मिळाले ते तिच्याकडे चालीने आधीच होते. दरबाराने त्याला शिक्का दिला. जिथे चालच नव्हती, म्हणजे शास्त्रीबुवांच्या वाड्यात आणि छत्रपतींच्याही, तिथे कायदा उंबऱ्याशी थांबला. समाजाची रीत बदलण्याचे सामर्थ्य गॅझेटात नव्हते. रीतीला संरक्षण देण्याचे होते, आणि ते त्याने पुरेपूर वापरले.

शाहूंच्या मागे राजाराम महाराजांची कारकीर्द झाली, आणि 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानचे कायदे गेले, मुंबईचे आले. मुंबईने तोवर 1946 मध्ये द्विभार्या प्रतिबंधक आणि 1947 मध्ये हिंदू घटस्फोट कायदा केला होता. मग 1955 चा हिंदू विवाह कायदा आला. त्याच्या 29 व्या कलमात एक छोटे पोटकलम आहे, ज्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही: रूढीने मान्य असलेली फारकत या कायद्याने बाधित होत नाही. 1876 मध्ये हायकोर्टाने जिला पाठ दाखवली ती काडीमोड अशी मागच्या दाराने परत आली. मात्र ती रूढी आपल्या जातीत खरोखर आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते, आणि स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहून बाई-बुवा दोघेही मोकळे झाल्याच्या भ्रमात राहतात. पंचांचा जाच संपायला तर आणखी वेळ गेला. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला तो 2016 चा.

आंतरजातीय विवाहाचा धागा सरकारने दुसऱ्या टोकाने उचलला. 1958 पासून राज्यात अशा जोडप्यांना प्रोत्साहनपर मदत मिळते. 2010 पासून ती 50,000 रुपये आहे. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात. सोबत दोघांचे जातीचे दाखले जोडायचे. जात ओलांडल्याचे बक्षीस घ्यायला जातीचा दाखला लागतो, यावर हसावे की रडावे ते ज्याने त्याने ठरवावे. दुसरा उपाय मलाही सुचत नाही. या योजनेत भटक्या जमाती येतात, आणि धनगर आज त्यांच्या यादीत आहेत, तेव्हा शाहूंनी जुळवलेली मराठा-धनगर लग्ने आज झाली असती तर त्या जोडप्यांना ही रक्कम मिळाली असती.

आणि विधवा? शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्याच दिवसांत, मे 2022 मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने सरपंच सुरगोंडा पाटील यांच्या पुढाकाराने एक ठराव केला. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. करोनात ऐन तारुण्यातले नवरे गेले होते, आणि करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी या प्रथेविरुद्ध मोहीम चालवली होती. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सुचवले, आणि पाठोपाठ गावोगाव ठराव झाले. ना त्या ठरावात दंड होता, ना परिपत्रकात. अंत्यविधीच्या वेळी हातात दगड घेऊन पुढे येणाऱ्या भावकीतल्या बाईला थांबवायचे काम ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी, आशाताईंनी आणि घरातल्या सुना-लेकींनी तिथल्या तिथे करायचे आहे.